थॉमस कून: भौतिकशास्त्रातून विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाकडे

सह्यकडा

नमस्कार मंडळी. विज्ञानाचे इतिहासकार आणि तत्त्वज्ञ थॉमस कून यांचे नाव निघाले की चर्चा लगेच वैज्ञानिक क्रांत्यांकडे वळते. मग कोणी त्यांना विज्ञानाची विश्वासार्हता खिळखिळी करणारा विचारवंत ठरवतो, तर कोणी नेमक्या त्याच कारणासाठी त्यांना डोक्यावर घेतो. माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही पक्ष त्यांच्या 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्युशन्स' या गाजलेल्या पुस्तकाचा उत्तरार्ध वाचतात आणि पूर्वार्धावरून नजर फिरवतात. कून यांना जे खरोखर नवे दिसले ते क्रांतीआधीच्या दीर्घ काळाविषयीचे होते, आणि त्या काळातल्या कामाला त्यांनी 'नॉर्मल सायन्स' म्हणजे सर्वमान्य चौकटीत राहून कोडी सोडवणारे नित्याचे विज्ञान असे म्हटले. ज्याने स्वतः भौतिकशास्त्राची तालीम घेतली आहे त्यालाच ते दिसण्याची शक्यता होती. म्हणून त्यांची कारकीर्द अगदी सुरुवातीपासून मांडण्याचा हा प्रयत्न.

कून यांचा जन्म १८ जुलै १९२२ रोजी अमेरिकेत सिनसिनाटी येथे झाला. वडील अभियंता होते. हार्वर्डमधून १९४३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर ते तिथल्याच रेडिओ रिसर्च लॅबोरेटरीत रुजू झाले. शत्रूच्या रडारला निष्प्रभ करण्याचे उपाय शोधणे हे या प्रयोगशाळेचे काम होते, आणि त्या निमित्ताने कून युद्धकाळात इंग्लंड व फ्रान्समध्येही राहिले. युद्ध संपल्यावर ते हार्वर्डला परतले आणि जॉन व्हॅन व्लेक यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. व्हॅन व्लेक यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रबंधाचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपतो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो अशा सोडियमसारख्या धातूंमध्ये अणूंना एकत्र धरून ठेवणारी ऊर्जा कशी काढावी, हा त्याचा विषय होता, आणि त्यातूनच कून व व्हॅन व्लेक यांचा एक संयुक्त निबंध १९५० मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. या कामाचे स्वरूप पाहावे. क्वांटम सिद्धांत आधीच हाती होता आणि त्यावर कोणाचा वाद नव्हता. उत्तर साधारण कोणत्या रूपात येईल हेही ठाऊक होते. आकडेमोड आवाक्यात आणणारी युक्ती शोधणे एवढेच बाकी होते, आणि संशोधकाचे सगळे कौशल्य तिथेच पणाला लागत होते. बारा-तेरा वर्षांनी कून यांनी नित्याच्या विज्ञानाचे जे वर्णन केले, ते या प्रबंधाला जसेच्या तसे लागू पडते.

प्रबंध चालू असतानाच त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते. विज्ञानशाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांना विज्ञान म्हणजे काय ते ऐतिहासिक उदाहरणांतून कळावे, असा एक अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला आणि त्यासाठी कून यांना मदतीला घेतले. यंत्रशास्त्राचा इतिहास शिकवायचा म्हणून १९४७ च्या उन्हाळ्यात कून अ‍ॅरिस्टॉटलचे 'फिजिक्स' वाचायला बसले. न्यूटनच्या तुलनेत अ‍ॅरिस्टॉटलला कितपत यंत्रशास्त्र येत होते, हा प्रश्न मनात धरून त्यांनी वाचन सुरू केले आणि उत्तर मिळाले की जवळजवळ काहीच येत नव्हते. या उत्तराने ते अस्वस्थ झाले. जीवसृष्टीचे आणि राजकारणाचे इतके बारकाईने निरीक्षण करणारा माणूस गतीविषयी लिहिताना इतका बाळबोध कसा होईल?

मग त्यांच्या लक्षात आले ते असे. अ‍ॅरिस्टॉटलच्या गतीमध्ये दगड खाली पडणे जसे येते तसेच बीजाचे झाड होणे आणि आजारी माणूस बरा होणेही येते. त्याच्या लेखी गती म्हणजे बदल, आणि स्थलांतर हा त्या बदलाचा केवळ एक प्रकार. वस्तूचे स्थान हाही तिच्या गुणांपैकीच एक गुण मानला, तर जड वस्तू आपल्या स्वाभाविक स्थानाकडे जाते हे विधान रोपाची वाढ पूर्णत्वाकडे जाते या विधानाच्या शेजारी जाऊन बसते, आणि पोकळी अशक्य आहे हा आग्रहही मग विक्षिप्त राहत नाही. कून यांनी पुढे लिहिले आहे की त्या वेळी ते टेबलावर पुस्तक उघडे ठेवून, हातात चार रंगांची पेन्सिल घेऊन खिडकीबाहेर पाहत होते, आणि मनात विखुरलेले तुकडे अचानक नव्या रीतीने जुळून आले. न्यूटनची मोजपट्टी लावल्यामुळे जे चुकांचे गाठोडे वाटत होते, ती स्वतःच्या पायावर उभी असलेली एक मांडणी होती.

या अनुभवानंतर भौतिकशास्त्रात राहण्याची त्यांची इच्छा ओसरली. १९४८ पासून तीन वर्षे हार्वर्डच्या सोसायटी ऑफ फेलोजमध्ये त्यांना मनाप्रमाणे वाचन करता आले. त्याच काळात हान्स रायखनबाख यांच्या पुस्तकातल्या एका तळटीपेवरून ते लुडविक फ्लेक या पोलिश वैद्यकीय संशोधकाच्या १९३५ च्या, वैज्ञानिक तथ्ये समुदायाच्या विचारपद्धतीतून घडतात असे मांडणाऱ्या, पण तेव्हा जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या ग्रंथापर्यंत पोहोचले. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही, म्हणून १९५६ मध्ये ते बर्कलीला गेले. कोपर्निकसवरचे पुस्तक १९५७ मध्ये आले. बर्कलीत १९६१ मध्ये त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले, पण ते इतिहास विभागात. तत्त्वज्ञान विभागाने त्यांना आपल्यात घेतले नाही, आणि ज्याला मनापासून तत्त्वज्ञानाकडेच जायचे होते अशा माणसाला हे किती लागले असेल याची कल्पना करता येते. वर्षभरातच, म्हणजे १९६२ मध्ये, 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्युशन्स' प्रसिद्ध झाले, आणि तेही तार्किक अनुभववाद्यांनी, म्हणजे ज्ञानाचा पाया निरीक्षण आणि तर्क यांतच शोधणाऱ्या तत्त्वज्ञांनी, चालवलेल्या विश्वकोशाचा एक भाग म्हणून. त्या मालिकेच्या संपादकांपैकी एक असलेल्या रुडॉल्फ कार्नाप यांनी त्याचे मनापासून स्वागत केले होते. पुस्तक कोनंट यांना अर्पण केलेले आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी सिद्धांत शिकतो म्हणजे नेमके काय करतो? बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र त्याला पहिल्याच आठवड्यात पाठ होते, पण त्याने काहीही सोडवता येत नाही. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूसाठी ते सूत्र एक रूप घेते, लंबकासाठी दुसरे, एकमेकांना जोडलेल्या दोन दोलकांसाठी तिसरे. कोणत्या परिस्थितीत ते कसे लिहायचे याचा नियम पुस्तकात कुठेही दिलेला नसतो. प्रकरणाच्या शेवटची उदाहरणे सोडवता सोडवता हे नवे गणित त्या जुन्या गणितासारखे आहे असे विद्यार्थ्याला दिसू लागते. वैज्ञानिक समुदाय ज्या सामाईक चौकटीत काम करतो तिला कून पॅराडाइम म्हणतात. त्यांच्या मते पॅराडाइमचा सर्वांत खोल अर्थ हाच, म्हणजे सर्वांनी मिळून गिरवलेला वस्तुपाठ. व्याख्या आणि नियम त्याच्या मागून येतात, आणि काही वेळा येतही नाहीत.

'स्ट्रक्चर'ला १९६९ मध्ये जोडलेल्या पुरवणीत त्यांनी याचे फार देखणे उदाहरण दिले आहे. उतरणीवरून घरंगळलेला गोळा समोरच्या चढावर, तो चढ कितीही तिरका असला तरी, मूळ उंचीपर्यंतच चढतो हे गॅलिलिओने पाहिले आणि बिंदुवत गोळ्याच्या लंबकाची हालचालही तशीच आहे हे ओळखले. हायगेन्सने खऱ्या, जाडजूड लंबकाला अशा असंख्य बिंदुलंबकांचा समूह मानले, झोक्याच्या मध्येच त्यांच्यातले बंध सुटले तर काय होईल असा विचार केला आणि लंबकाच्या दोलनकेंद्राचा, म्हणजे तो किती लांबीच्या साध्या बिंदुलंबकासारखा झुलतो याचा, प्रश्न सोडवला. पुढे डॅनिएल बर्नोलीने टाकीच्या छिद्रातून बाहेर पडणारे पाणी हायगेन्सच्या लंबकासारखे पाहिले आणि त्या धारेचा वेग काढला. उतरण, लंबक आणि पाण्याची टाकी यांच्यातले साम्य शब्दांत आधी कोणी सांगितलेले नव्हते. एका सुटलेल्या गणिताच्या आधाराने पुढचे गणित सुटत गेले. ज्ञानाचे असे वर्णन भौतिकशास्त्राचा गृहपाठ न केलेल्या तत्त्वज्ञाच्या हातून झाले असते असे मला वाटत नाही.

---

निळावंती

सह्यकडा, लेख आवडला. मी महाविद्यालयात बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आहे, त्यामुळे शेवटचे दोन परिच्छेद वाचताना मान डोलत होती. तासाला सगळे समजले असे सांगणारी मुले रेझनिक-हॅलिडे या पाठ्यपुस्तकातल्या कप्पीच्या पहिल्याच गणिताला अडतात, आणि त्या वेळी सूत्र पुन्हा समजावून काही उपयोग होत नाही. शेजारी बसून दोरीतला ताण कुठे दाखवायचा, कोणती वस्तू वेगळी काढून तिच्यावरची बले मांडायची, हे दोन-तीन गणितांत करून दाखवावे लागते. चौथे गणित मुले आपले आपण सोडवतात, पण तिसऱ्यात आणि चौथ्यात आपण नेमके काय ओळखले हे त्यांना शब्दांत सांगता येत नाही.

मात्र यातूनच माझी एक शंका निघते. विज्ञानाचे शिक्षण जर असे मुकाट्याने गिरवण्याचे असेल आणि कून त्याची भलामण करत असतील, तर प्रश्न विचारण्याच्या वृत्तीचे काय? विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी कून यांच्यावर हाच आक्षेप घेतला होता असे वाचल्याचे आठवते.

---

सह्यकडा

निळावंतीताई, कप्पीच्या गणिताबद्दल विशेष आभार.

पॉपर यांचा आक्षेप तुम्ही म्हणता तोच होता. जुलै १९६५ मध्ये लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात एक परिषद भरली. कून यांनी वर्णन केलेले नित्याचे विज्ञान अस्तित्वात आहे हे पॉपर यांनी तिथे मान्य केले, पण असे काम करणाऱ्या वैज्ञानिकाची त्यांना कीव आली. त्याला वाईट शिक्षण मिळाले आहे, कारण त्याला चिकित्सा शिकवलेलीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विज्ञानाचे आणखी एक तत्त्वज्ञ इम्रे लाकातोश यांची टीका आणखी तिखट होती. कून यांच्या चित्रात वैज्ञानिक क्रांती हा गर्दीच्या मानसशास्त्राचा विषय होऊन बसतो, असे ते म्हणाले. मार्गारेट मास्टरमन यांनी मात्र नित्याचे विज्ञान खरोखर असेच चालते असे सांगून कून यांची बाजू घेतली, आणि त्याच लेखात त्यांच्या पुस्तकात पॅराडाइम हा शब्द किमान २१ वेगवेगळ्या अर्थांनी आला आहे हेही दाखवून दिले. वर उल्लेख केलेली पुरवणी या टीकेनंतरची आहे. ती मुळात जपानी भाषांतरासाठी लिहिली गेली आणि १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट झाली.

तुमच्या शंकेचे उत्तर कून यांनी दिले आहे आणि मला ते पटते. सगळेच सतत पायाच उकरत बसले तर मोजमाप इतके काटेकोर कधीच होणार नाही की त्यातली विसंगती नजरेत भरावी. बुधाच्या कक्षेत गणिताने काढलेल्या आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थानांतला फरक पाहा. शतकभरात ४३ कोनीय सेकंद, म्हणजे अंशाच्या जवळपास चौऱ्याऐंशीव्या भागाएवढा. न्यूटनच्या चौकटीवर पूर्ण विश्वास ठेवून खगोलशास्त्रज्ञांच्या पिढ्यांनी ग्रहांच्या कक्षा चिकाटीने काढल्या, म्हणून तो फरक उघडा पडला आणि पुढे आइन्स्टाइनच्या सिद्धांताची कसोटी ठरला. म्हणजे चौकटीला तडा कुठे गेला आहे हे त्या चौकटीत निष्ठेने काम करणाऱ्यांनाच आधी कळते. पॉपर यांना अपेक्षित असलेली चिकित्सा इथेही आहेच, पण ती वेळ आल्यावर होते, आणि ती वेळ यावी म्हणून आधी पुष्कळ निमूट काम झालेले असावे लागते.

---

पडघम

नित्याच्या विज्ञानाबद्दल सहमत आहे. पण कून यांच्या पुस्तकाचा उत्तरार्ध लोकांनी उगाच मनावर घेतलेला नाही. दोन पॅराडाइममध्ये समान माप नसते आणि क्रांतीनंतर वैज्ञानिक जणू वेगळ्या जगात काम करू लागतो, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये त्यावर सविस्तर टीका केली. न्यूटनचे यंत्रशास्त्र आपण आजही शिकवतो, वापरतो आणि ते कुठपर्यंत चालते हे सापेक्षतावादाच्या आधारे अचूक सांगतो, असा त्यांचा मुद्दा होता. न्यूटनचे वस्तुमान आणि आइन्स्टाइनचे वस्तुमान या वेगळ्या संकल्पना असल्याचे कून सांगतात, पण आजचा भौतिकशास्त्रज्ञ वस्तुमान म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा स्थिर वस्तुमानच असते आणि त्याला दोन्ही सिद्धांतांत ये-जा करताना कसलीही अडचण येत नाही. समान मापच नसेल तर प्रगती झाली हे ठरवायचे कशावरून? याचे सरळ उत्तर मिळाल्याखेरीज कून यांना विज्ञानाचा मित्र म्हणणे मला जड जाते.

---

सह्यकडा

पडघम, आक्षेप वजनदार आहे आणि त्याला बगल देता येणार नाही.

समान मापाचा अभाव ही कल्पना कून यांनी भूमितीतून घेतली. चौरसाची बाजू आणि कर्ण दोन्ही पूर्ण संख्येत मोजेल असे एकही माप नसते. पण म्हणून त्यांची तुलना होत नाही असे कोणी म्हणत नाही. कोणती लांब आहे ते सांगता येते आणि हव्या तितक्या बारकाईने गुणोत्तरही काढता येते. दोन सिद्धांतांमधले सगळे काही जसेच्या तसे उतरवून घेता येईल अशी तिसरी, तटस्थ भाषा उपलब्ध नसते, एवढाच त्यांचा दावा होता. १९७३ च्या एका व्याख्यानात त्यांनी सिद्धांताची निवड कशावर ठरते हे स्पष्ट केले: अचूकता, आंतरिक व बाह्य सुसंगती, व्याप्ती, साधेपणा आणि नव्या संशोधनाला चालना देण्याची क्षमता. हे निकष सर्व वैज्ञानिकांना मान्य असतात, परंतु ते एकमेकांविरुद्ध जाऊ लागले की कोणाला किती वजन द्यावे याचे गणिती सूत्र नसते. कोपर्निकसची सूर्यकेंद्री व्यवस्था सुरुवातीला टॉलेमीच्या पृथ्वीकेंद्री व्यवस्थेपेक्षा लक्षणीय अचूक नव्हती आणि तिचा साधेपणाही तुम्ही काय मोजता यावर अवलंबून होता. तरीही केप्लर तिच्याकडे वळले, तर त्याच काळातल्या अनेक जाणत्या खगोलशास्त्रज्ञांनी तिच्याकडे पाठ फिरवली. या दुसऱ्या गटाला अविवेकी म्हणायचे नसेल, तर विवेकाला दोन वाजवी माणसांतल्या मतभेदाची जागा ठेवावीच लागते.

वाइनबर्ग यांच्या उदाहरणाबाबत माझे मत असे की ते आजच्या काठावरून मागे पाहतात, आणि तिथून दोन्ही किनारे जोडलेले दिसतात हे खरेच आहे. कून यांना १९०५ च्या, म्हणजे सापेक्षतावाद नुकताच मांडला गेला त्या वेळच्या, काठावर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसत होते ते सांगायचे होते. मात्र भौतिकशास्त्र हळूहळू सत्याच्या जवळ जात आहे की नाही, या प्रश्नावर दोघांत खरा मतभेद आहे आणि तो मिटवता येत नाही. विज्ञान कोणत्या तरी ठरलेल्या मुक्कामाकडे जाते असे कून मानत नसत. डार्विनच्या उत्क्रांतीप्रमाणे ते पूर्वस्थितीपासून पुढे सरकते, आणि नंतरचे सिद्धांत कोडी सोडवण्यात आधीच्यांपेक्षा सरस असतात, एवढ्याला ते प्रगती म्हणत. इथे माझा कल वाइनबर्ग यांच्याकडे आहे. इलेक्ट्रॉन आहे म्हणून ही कोडी सुटतात, असे म्हणण्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही.

---

काळवेळ

कून यांनी भौतिकशास्त्र खरोखर सोडले का, असा प्रश्न मला या चर्चेत विचारावासा वाटतो. 'स्ट्रक्चर' प्रसिद्ध झाले त्याच सुमारास ते क्वांटम भौतिकशास्त्राच्या इतिहासाची साधने गोळा करण्याच्या प्रकल्पाचे प्रमुख होते. हायझेनबर्ग, डिरॅक अशा हयात असलेल्या शिल्पकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे आणि पत्रव्यवहार सूक्ष्मचित्रफितीवर उतरवून घेणे, असे ते काम होते. नील्स बोर यांच्या मुलाखतीची शेवटची बैठक १७ नोव्हेंबर १९६२ रोजी कोपनहेगनमध्ये झाली आणि दुसऱ्या दिवशी बोर यांचे निधन झाले. ती मुलाखत अर्धवटच राहिली.

प्रिन्स्टनमध्ये असताना १९७८ मध्ये त्यांनी कृष्णिकेच्या (सर्व प्रकाश शोषून घेणाऱ्या आदर्श वस्तूच्या) प्रारणावरचा आणि क्वांटमच्या उदयावरचा ग्रंथ लिहिला. प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये आपल्या सूत्राची उपपत्ती मांडली आणि ऊर्जा तुटक असते हे त्या दिवशी जगाला कळले, असे आपण सगळे शिकलो. कून यांनी मूळ निबंध वाचून दाखवले की प्लांक तेव्हा बोल्ट्झमनची मोजणीची पद्धत वापरत होते. ऊर्जेचे त्यांनी केलेले तुकडे हा त्या मोजणीतला टप्पा होता. दोलकाची ऊर्जा त्यांच्या लेखी अजून सलगच होती. कून यांच्या मते खंडितपणा पहिल्यांदा आइन्स्टाइन आणि एरेनफेस्ट यांनी १९०५-०६ च्या सुमारास ओळखला आणि प्लांक यांनी तो १९०८ च्या आसपास स्वीकारला. मार्टिन क्लाइन यांच्यासारख्या इतिहासकारांना हे पटले नाही आणि तो वाद आजही पुरता निकाली निघालेला नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या ग्रंथात पॅराडाइमची भाषा जवळजवळ नाहीच आणि त्याबद्दल वाचकांनी तेव्हा नाराजीही व्यक्त केली. मला मात्र त्यातली वाचनाची पद्धत ओळखीची वाटते. १९४७ मध्ये अ‍ॅरिस्टॉटलवरून न्यूटनचा चष्मा काढला होता, तसाच इथे प्लांकवरून आइन्स्टाइनचा काढला आहे.

---

सह्यकडा

काळवेळ, हा प्रतिसाद मूळ लेखातच असायला हवा होता इतका मोलाचा आहे. तो ग्रंथ वाचायला गणित यावे लागते, म्हणून तत्त्वज्ञानवाले त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि भौतिकशास्त्रवाल्यांना जुन्या निबंधांत रस नसतो. दोन्हीकडची तयारी असलेल्या माणसाचे सर्वांत कसदार काम त्यामुळे दोन्हीकडून दुर्लक्षित राहिले.

१९७९ मध्ये ते एमआयटीला गेले आणि तिथे त्यांना अखेर तत्त्वज्ञान विभागात जागा मिळाली. शेवटची वर्षे त्यांनी संकल्पना आणि भाषा यांवर घालवली. प्रत्येक वैज्ञानिक समुदायाकडे परस्परांत गुंतलेल्या संज्ञांचा एक संच असतो आणि क्रांतीत त्यातल्या काही संज्ञांची एकदम फेरमांडणी होते, असा त्यांचा विचार होता. कांट त्यांना विद्यार्थिदशेपासून आवडत असे, आणि आपण कांटचेच अनुयायी आहोत, फक्त आपले पदार्थप्रकार, म्हणजे जगाकडे पाहण्याच्या मूलभूत कोटी, बदलू शकतात, असे ते उतारवयात सांगत. १७ जून १९९६ रोजी ते गेले तेव्हा या विषयावरचे पुस्तक अपुरे होते. त्याची तयार झालेली प्रकरणे २०२२ मध्ये छापली गेली.

---

निळावंती

बुधाच्या उदाहरणाने माझे समाधान झाले. आता एक व्यावहारिक प्रश्न. पदव्युत्तर वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला कून वाचायला द्यायचे तर सुरुवात कुठून करावी?

---

सह्यकडा

निळावंतीताई, मी तरी आधी १९५७ चे कोपर्निकसवरचे पुस्तक देईन. ते मूळ अध्यापनातून उभे राहिले आहे आणि ग्रहांच्या वक्री गतीच्या आकृत्या कागदावर काढत काढत वाचता येते. त्यानंतर 'स्ट्रक्चर', पण १९७० ची किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी, म्हणजे पुरवणी सोबत असेल. पहिली पाच प्रकरणे सावकाश वाचावीत, मग मधली सोडून थेट पुरवणी वाचावी आणि क्रांतीच्या प्रकरणांकडे त्यानंतर यावे. 'द इसेन्शियल टेन्शन' या १९७७ च्या संग्रहात मोजमापावरचा १९६१ चा निबंध आहे. पाठ्यपुस्तकात सिद्धांताचे आकडे आणि प्रयोगाचे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, तो तक्ता विद्यार्थ्याला नेमके काय शिकवतो याचा विचार त्यात केलेला आहे. प्रयोगवही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात तो अवश्य द्यावा.